सर आशुतोष मुखर्जी

विद्यापीठ म्हणताच अध्यापन, प्रयोगशाळा व संशोधन आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु १८५७ साली कलकत्ता, मुंबई व मद्रास येथे स्थापन झालेली विद्यापीठे प्रारंभी केवळ परीक्षा घेऊन पदव्या देत. शिकविण्याचे काम महाविद्यालयांकडे असे. हे रूप पालटणाऱ्या थोर पुरुषांत सर आशुतोष मुखर्जी अग्रगण्य होत.

त्यांचा जन्म २९ जून १८६४ रोजी कलकत्त्यास झाला. गणितात त्यांची बुद्धी असामान्य होती. मुंबईचे व्यापारी प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतून दिली जाणारी मानाची शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. परंतु गणिताच्या संशोधनात आयुष्य वाहून घ्यावे, अशी सोय त्या विद्यापीठात नव्हती. ते कायद्याकडे वळले व १९०४ साली उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. जी उणीव त्यांना स्वतःला भोगावी लागली, ती पुढील पिढीस भोगावी लागू नये, हेच जणू त्यांचे जीवितकार्य ठरले.

१९०४ च्या विद्यापीठ कायद्याने सरकारी नियंत्रण वाढविले, म्हणून लोकमत त्याविरुद्ध होते. मात्र त्याच कायद्याने विद्यापीठांना अध्यापनाची मुभाही दिली होती. १९०६ साली कुलगुरू होताच आशुतोषांनी न्यायदानाचे काम सांभाळून या मुभेचा पुरेपूर उपयोग केला. तारकनाथ पालित व रासबिहारी घोष यांच्या उदार देणग्यांतून विज्ञान महाविद्यालय उभे राहिले. १९१४ साली त्याची कोनशिला बसविण्यात आली. १९१७ साली पदव्युत्तर अध्यापन विद्यापीठाने आपल्या हाती घेतले. अर्थखात्यातील नोकरी सोडून चंद्रशेखर वेंकट रामन तेथे आले. प्राचीन इतिहासासाठी महाराष्ट्राचे देवदत्त रामकृष्ण भांडारकर आले आणि १९२१ साली म्हैसूरहून राधाकृष्णन आले. प्रांत न पाहता गुण पाहावा, ही आशुतोषांची रीत होती. मातृभाषाही एम. ए. च्या अभ्यासास पात्र आहे, हे त्यांनी बंगालीस तेथे स्थान देऊन दाखविले.

खरी कसोटी १९२२ साली आली. विद्यापीठाची तिजोरी रिती झाली होती. सरकारने अडीच लक्ष रुपये देऊ केले, पण जाचक अटी घालून. पैसा घ्यावा तर स्वातंत्र्य जाणार, नाकारावा तर अध्यापकांवर हलाखी येणार! आशुतोषांनी स्वातंत्र्याची बाजू घेतली आणि ती अटींची देणगी नाकारण्यात आली. पुढच्याच वर्षी, सरकारला विरोध न करण्याच्या अटीवर पुन्हा कुलगुरुपद देऊ केले असता त्यांनी तेही बाणेदारपणे झिडकारले.

२५ मे १९२४ रोजी पाटण्यास त्यांचे देहावसान झाले. पुढे १९३० साली रामन यांना नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हा आशुतोष हयात नव्हते. पण ज्या संस्थेचे प्राध्यापक म्हणून रामन यांनी हा बहुमान मिळविला, ती त्यांनीच घडविली होती.