कै. शंकर आबाजी भिसे

संगणकाच्या प्रोसेसरची गती कारखान्याने नेमून दिलेल्या मर्यादेपलीकडे प्रथमच वाढवून पाहू इच्छिणाऱ्या नांदेड-लातुराकडील विद्यार्थ्यांस हे चरित्र सांगावेसे आम्हांस वाटते. गतीसाठी विद्युद्दाब वाढविला की उष्णता त्याच्या वर्गाच्या प्रमाणात चढते; आणि वैशाखात आमच्याकडील हवाच ४० अंशांपुढे गेलेली असते!

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ रोजी मुंबईस झाला. यंत्रांचा नाद बाळपणापासूनचा. विलायतेत त्यांनी छापखान्याचे खिळे ओतण्याचे काम हाती घेतले. शिसे, अँटिमनी व कथील यांचा तप्त रस साच्यात थिजल्यावाचून खिळा निघत नाही. घाई करावी तर साचा तापतो आणि खिळा सदोष निघतो. येथेही गतीची वैरीण उष्णताच. अशा कामात त्यांच्या 'भिसोटाइप' यंत्राची गती मिनिटास १२०० खिळ्यांची सांगितली जाई.

बुद्धी होती, भांडवल नव्हते. दादाभाई नौरोजींनी हात दिला. पुढे विलायतेतील साहाय्य आटले. १९०८ साली स्वदेशी परतताना जहाजावर गोखल्यांची गाठ पडली, व त्यांच्या शब्दावरून जमशेटजींचे धाकटे चिरंजीव रतन टाटा यांनी द्रव्य पुरविले. तोही आधार टिकला नाही. आमच्या मते यंत्र अडले ते पैशापायी, कल्पनेपायी नव्हे.

नंतर भिसे अमेरिकेस गेले. तेथे त्यांस हिंदी एडिसन म्हणत. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्क येथे ते निवर्तले.