धैर्याची कवायत

संकटाच्या वेळी डोके शांत ठेवणारा माणूस पाहिला की त्याचे धैर्य उपजतच असले पाहिजे, असे आपण सहज म्हणून जातो. या समजुतीत आदर आहे, तशीच सोयही आहे. धैर्य ही दैवी देणगी ठरली की ते शिकविण्याची आणि टिकविण्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. सैनिक असो वा अग्निशामक दलाचा जवान, त्याच्या मनोबलाचा विचार करताना ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी लागते. ज्यांनी ती फार पूर्वीच बाजूला ठेवली, त्यांत जेम्स ब्रेडवूड याचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

ब्रेडवूडचा जन्म १८०० साली स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. वडिलांचा व्यवसाय इमारती बांधण्याचा व सुतारकामाचा. तोच त्याने शिकून घेतला. भिंत कशावर उभी राहते, तुळई कोठे टेकते, जिना कोठून वर जातो, हे ज्ञान त्याला पुढे जन्मभर पुरले. १८२४ मध्ये एडिंबरो शहराने आपले अग्निशमन दल उभारले आणि अवघ्या चोवीस वर्षांच्या ब्रेडवूडकडे त्याचे प्रमुखपद दिले. ब्रिटनमधील पहिले नगर अग्निशमन दल म्हणून त्याचा उल्लेख केला जातो.

दलाची घडी बसण्यापूर्वीच, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात, शहराच्या जुन्या भागात भीषण आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. शेकडो कुटुंबे उघड्यावर पडली. माणसे नवखी होती हे खरे. पण त्याहून घातक होता तो हुकमांचा गोंधळ. नगरपालिकेचे अधिकारी, न्यायाधीश, प्रतिष्ठित नागरिक असा जो तो आज्ञा देत होता, आणि कोणाची पाळावी हे जवानाला समजत नव्हते. या आगीनंतर घटनास्थळावरील अधिकार एका प्रमुखाच्या हाती देण्यात आला. मनोबलाचा हा पहिला धडा होय. आज्ञाच परस्परविरोधी असतील, तर खंबीर मनाचा माणूसही डळमळतो.

ब्रेडवूडने माणसे निवडली ती वीरश्री पाहून नव्हे, व्यवसाय पाहून. कौले शाकारणारे, सुतार, गवंडी, नळकारागीर, लोहार असे तरुण त्याने घेतले. कौले शाकारणाऱ्याला उंचीचे भय नसते. सुताराला आणि गवंड्याला बाहेरून घर पाहूनच आतील जिन्याचा अंदाज येतो, कोणती भिंत दगा देईल हे कळते. लोहाराला उष्णता अंगवळणी पडलेली असते. ज्याची एकाला धास्ती वाटते, ते दुसऱ्याचे रोजचे काम असते. भीतीचा बराचसा भाग अपरिचयाचा असतो, हे त्याने ओळखले होते.

हा अपरिचय घालविण्यासाठीच त्याची कवायत असे. ती भर दुपारी, मोकळ्या मैदानावर होत नसे. पहाटे चारच्या सुमारास, शहर झोपेत असताना, तो दलाला बाहेर काढी. आज या गल्लीत, तर पुढच्या वेळी त्या चढावर. त्यात रस्ते मोकळे मिळत ही सोय होतीच, पण मुख्य हेतू वेगळा होता. आग रात्री लागते, अंधारात लागते, माणूस साखरझोपेत असताना लागते. तेव्हा अंधारात नळी जोडण्याची आणि अनोळखी चढावर बंब ओढण्याची सवय हाताला आधीच झालेली असली पाहिजे. हाताला काम ठाऊक असले की मनाला विचार करण्यास उसंत मिळते. धुरात शिरताना जमिनीलगत राहावे, कारण श्वास घेण्याजोगी हवा तेथेच उरते; आत एकट्याने जाऊ नये, म्हणजे एक गुदमरला तर दुसरा त्याला बाहेर काढील; लांबून पाणी फेकत न बसता आगीच्या मुळाशी जावे. असे साधे नियम त्याने घालून दिले. १८३० साली त्याने बंबांची रचना आणि जवानांचे शिक्षण या विषयांवर पुस्तकही लिहिले.

१८३३ मध्ये लंडनच्या विमा कंपन्यांनी आपापली दले एकत्र करून नवे दल स्थापिले आणि त्याची सूत्रे ब्रेडवूडकडे सोपविली. एवढ्या अफाट शहरासाठी जवान होते अवघे ऐंशीच्या आसपास. पुढल्याच वर्षी पार्लमेंटची इमारत पेटली. तीत बरेच काही भस्मसात झाले, तरी पुरातन वेस्टमिन्स्टर हॉल वाचविण्यात यश आले.

परंतु ब्रेडवूडचे मोठेपण एवढ्यावर संपत नाही. शिक्षित मनोबलालाही मर्यादा असते, हे तो जाणून होता. लोखंडी खांबांच्या, म्हणून अग्निरोधक म्हणविल्या जाणाऱ्या इमारती आगीत अचानक कोसळतात, हे १८४९ मध्ये त्याने स्थापत्य अभियंत्यांच्या संस्थेपुढे निबंध वाचून मांडले. प्रचंड आकाराच्या गोदामांबद्दलही त्याने इशारे दिले होते. व्यापाराच्या भरभराटीत ते फारसे कोणी मनावर घेतले नाहीत.

२२ जून १८६१ रोजी थेम्सकाठच्या टूली स्ट्रीटवर अशाच गोदामांना आग लागली. ताग, चरबी, साखर, सोरा असा माल तेथे खच्चून भरलेला होता. आग अडविण्यासाठी बसविलेली लोखंडी दारे उघडीच राहिली होती. संध्याकाळी, तासन्‌तास झुंजून थकलेल्या आपल्या माणसांना ब्रँडीचा घोट मिळावा म्हणून ब्रेडवूड त्यांच्यात फिरत असताना स्फोट झाला आणि एक भिंत त्याच्या अंगावर कोसळली. त्याची अंत्ययात्रा सुमारे दीड मैल लांब होती. पुढे १८६५ मध्ये कायदा झाला आणि लंडनला सार्वजनिक खर्चाचे अग्निशमन दल मिळाले.

ही कथा मराठी वाचकाला परकी वाटू नये. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत कापूस आणि स्फोटके एकाच जहाजात भरलेली होती, आणि त्या जहाजाची आग विझविताना अग्निशामक दलाच्या ६६ जवानांनी प्राण गमावले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर पाळला जातो. राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालय आपल्याच नागपुरात आहे. शिक्षणाची परंपरा आपल्याकडे नाही, असे मुळीच नाही.

प्रश्न उरतो तो आपला, म्हणजे ज्यांच्यासाठी हे जवान आत शिरतात त्यांचा. शाळेतील वा कचेरीतील अग्निशमनाची कवायत आपण वेळेचा अपव्यय समजतो. जिन्यात सामान रचतो, आपत्कालीन दाराला कुलूप घालतो आणि दुर्घटनेनंतर हुतात्म्यांना श्रद्धांजली वाहतो. जवानाने मन घट्ट करावे ही अपेक्षा रास्तच आहे. मात्र त्याला पुरेसा सराव, वेळेवर विसावा, स्पष्ट आज्ञा आणि कोसळणार नाही अशी इमारत देणे हे समाजाचे काम आहे. ब्रेडवूडने आपल्या वाट्याचे काम शेवटच्या क्षणापर्यंत केले. टूली स्ट्रीटवरची ती लोखंडी दारे बंद ठेवणे हे मात्र त्याचे काम नव्हते.