फादर थॉमस स्टीफन्स : ग्रंथबंदीच्या काळातील पुराणकार

मराठी ख्रिस्ती काव्याचे जनक म्हणून आपण फादर थॉमस स्टीफन्स ह्यांचा गौरव करतो. त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’मागे ग्रंथबंदीचा जो कटू इतिहास आहे, तो मात्र आपण सहसा सांगत नाही. आज तो सांगावा असे आम्हांस वाटते.

इ. स. १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात त्यांचा जन्म झाला. राणी एलिझाबेथच्या राज्यात कॅथोलिक उपासनेस मनाई होती आणि परदेशांतून येणाऱ्या कॅथोलिक पुस्तकांवर बंदी होती. त्यांचे स्नेही थॉमस पौंड ह्यांना श्रद्धेपायी दीर्घ कारावास भोगावा लागला. स्टीफन्स रोमला गेले, १५७५ साली येशूसंघात दाखल झाले आणि २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यास पोहोचले. पुढील चाळीस वर्षांतील बहुतेक काळ त्यांनी साष्टीत सेवाकार्य केले.

गोव्यात बंदी होती ती आपल्याच ख्रिस्तसभेची आणि पोर्तुगीज सत्तेची. नवख्रिस्ती बांधवांना जुन्या पोथ्या व पुराणे वर्ज्य ठरली होती. रोममध्येही १५५९ पासून वर्ज्य ग्रंथांची सूची होती. ती १९६६ साली संपुष्टात आली. ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच एक नवख्रिस्ती ब्राह्मण पाद्रीबाबांना विचारतो की, आमची पुराणे आपण बंद केलीत, तर त्यांच्या जागी आम्हांस दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न फादरांनी झाकून ठेवला नाही, हे आम्हांस विशेष वाटते. त्यांचे पुराण बंदी उठवीत नाही, हेही खरे. बंदीने रिकाम्या केलेल्या जागी ते उभे राहते.

जवळजवळ अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ साली राचोल येथे, धर्मन्यायपीठ व वरिष्ठांच्या अनुमतीने, रोमन लिपीत छापला गेला. येथील लिपीचे ठसे पाडण्याची परवानगी त्यांनी १६०८ साली रोमकडे मागितली होती. परंतु त्या लिपीला शेकडो ठसे लागणार होते आणि ते काम झाले नाही. १६१९ साली फादर निवर्तले. १६४९ व १६५४ साली पुराण पुन्हा छापले गेले.

नंतर बंदी भाषेवरच आली. १६८४ साली व्हाइसरॉय कोंदे द आल्व्होर ह्यांनी लोकांनी तीन वर्षांत मातृभाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला. आमच्या धारणी भागात कोरकू बांधव घरी कोरकू बोलतात आणि मुले शाळेत मराठी शिकतात. घरातील बोलीच निषिद्ध ठरली तर आजीने नातवाला प्रार्थना कोणत्या शब्दांत शिकवावी, हा प्रश्न येथील वाचकांस समजावून सांगावा लागणार नाही.

त्या तिन्ही मुद्रणांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. भाविकांनी हाताने उतरविलेल्या पोथ्यांनी पुराण जगविले. अशा पोथ्यांवरून जोसेफ साल्ढाणा ह्यांनी १९०७ साली मंगळूर येथे ते रोमन लिपीत छापले. देवनागरीत मात्र ते १९५६ साली, शांताराम बंडेलू ह्यांच्या संपादनाखाली, पुण्यात मुद्रित झाले.