ब्रिस्टलची यांत्रिक कासवे आणि त्यांचे जनक ग्रे वॉल्टर

ब्रिस्टल शहराचे नाव निघाले की आपल्या लोकांना प्रथम आठवतात ते राजा राममोहन रॉय. 1833 साली त्यांनी तेथेच देह ठेवला. या बंदराची श्रीमंती साखर आणि गुलामांचा व्यापार यांवर उभी राहिली, हेही वाचकांना ठाऊक असेल. ऊस आणि सक्तीचे श्रम यांचे नाते आपणां मॉरिशसवासीयांना वेगळे सांगावयास नको. आज आम्ही त्याच शहरातील एका निराळ्या माणसाची ओळख करून देत आहोत.

प्रथम एका शब्दाविषयी. यंत्रमानवाला जग रोबो म्हणते. हा शब्द कारेल चापेक या चेक लेखकाच्या 1920 सालच्या नाटकातून आला, आणि चेक भाषेत रोबोटा म्हणजे वेठबिगार. ज्यांचे पूर्वज करारावर अंगठा उमटवून बोटीत चढले, त्यांना या शब्दाचे वजन लगेच कळेल. न थकणारा, न कुरकुरणारा मजूर हेच युरोपचे स्वप्न होते. ग्रे वॉल्टर यांनी जे यंत्र केले ते मात्र कोणाचीच चाकरी करीत नसे.

विल्यम ग्रे वॉल्टर यांचा जन्म 1910 साली अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे झाला. लहानपणीच ते इंग्लंडला आले व केंब्रिजला शिकले. मेंदूतून उठणाऱ्या विजेच्या लहरी हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. कवटी न उघडता, केवळ या लहरींवरून मेंदूतील गाठ कोठे आहे ते सांगता येते, हे त्यांनी 1936 मध्ये दाखवून दिले. 1939 साली ब्रिस्टल येथे बर्डन न्यूरॉलॉजिकल इन्स्टिट्यूट सुरू झाली आणि तेथेच त्यांची पुढची तीस वर्षे गेली.

मेंदूत अब्जावधी पेशी. परंतु चैतन्याचा खेळ पेशींच्या संख्येत आहे की त्यांच्या जोडणीत, हा प्रश्न त्यांना सतावीत होता. उत्तर शोधण्यासाठी 1948-49 च्या सुमारास त्यांनी दोन यांत्रिक कासवे तयार केली. एकाचे नाव एल्मर, दुसरीचे एल्सी. जुनी घड्याळे व गॅसचे मीटर मोडून काढलेली दातेरी चाके, तीन चाकांची गाडी, दोन लहान मोटरी, एक बॅटरी, प्रकाशाची चाहूल घेणारा एक विजेचा डोळा आणि वर कवच. मेंदूच्या जागी रेडिओतले दोन व्हॉल्व्ह, म्हणजे जणू दोनच पेशी!

पण या दोन पेशींची करामत पाहा. कासव खोलीत वेडीवाकडी वळणे घेत प्रकाश शोधी. मंद दिवा दिसला की तिकडे जाई, फार जवळ जाऊन डोळा दिपला की मागे सरे. वाटेत खुर्ची आडवी आली तर ढुशा देत बाजूने निघून जाई. बॅटरी उतरू लागली की मात्र तोच प्रखर प्रकाश त्याला हवासा वाटे. मग ते आपल्या खुराड्यातील दिव्याकडे वळे व आत शिरून बॅटरी भरून घेई. कोणी हाक मारीत नसे, कोणी हाकीत नसे. कासवांच्या पाठीवर मेणबत्त्या लावून अंधारात छायाचित्रे घेतली गेली. त्यांतील प्रकाशाच्या रेघा पाहिल्या तर रांगोळी घालताना हात चुकत-सावरत फिरला असावा असे वाटते.

आरशासमोर तर मौजच होई. कासवाच्या तोंडाशी एक छोटा दिवा होता. प्रकाश दिसला की तो विझे. आरशात आपलाच दिवा दिसे, म्हणून दिवा विझे. विझला की काही दिसेना, म्हणून पुन्हा पेटे. असे लुकलुकत, थरथरत ते नाचत राही. एखादा प्राणी असे वागला असता तर त्याला स्वतःची जाणीव आहे असे आपण म्हटले असते, असा वॉल्टर यांचा दावा. आमच्या मते हे जरा जास्तच झाले. वॉल्टर यांना प्रसिद्धीची हौस होती आणि पुष्कळ शास्त्रज्ञ त्यांच्याकडे संशयाने पाहात. दुसरेही एक नोंदवावेसे वाटते. पहिली कासवे वारंवार बिघडत. 1951 च्या लंडनमधील फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनसाठी चांगली, टिकाऊ कासवे बांधली ती संस्थेतील तंत्रज्ञ बनी वॉरेन यांनी. हाताने काम करणाऱ्याचे नाव मागे पडते, ते येथेही पडले.

1953 साली वॉल्टर यांचे द लिव्हिंग ब्रेन हे पुस्तक निघाले, आणि येथून ही कथा कलेच्या प्रांतात शिरते. लुकलुकणारा प्रकाश मिटलेल्या डोळ्यांवर पडला की माणसाला रंगीबेरंगी आकृत्या दिसतात, हे त्यात सांगितले होते. (अपस्माराच्या काही रोग्यांना अशा प्रकाशाने झटका येतो, म्हणून हा प्रयोग घरी करू नये.) फिलाओच्या रांगेतून ऊन चमकत असताना बसमधून जाणाऱ्याला याची थोडी कल्पना येईल. चित्रकार ब्रायन गायसिन यांनाही फ्रान्समध्ये बसमधून जाताना रस्त्याकडेच्या झाडांमुळे हाच अनुभव आला होता. त्यांनी पुस्तक वाचले आणि 1960 च्या सुमारास इयान सॉमरव्हिल या मित्राच्या मदतीने एक फिरते, भोकाभोकांचे नळकांडे केले. आत दिवा, पाहणाऱ्याने डोळे मिटून समोर बसावयाचे! डोळे मिटून पाहण्याची कलाकृती ती हीच.

पुढे अमेरिकेत सेमूर पेपर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या आज्ञेवरून पेनने चित्रे काढणारे यंत्र केले. त्यालाही कासवच म्हणत, आणि ते नाव ब्रिस्टलहूनच गेलेले.

1970 साली स्कूटरच्या अपघातात वॉल्टर यांच्या डोक्याला जबर मार बसला. आयुष्यभर इतरांच्या मेंदूंच्या लहरी वाचणारा हा माणूस स्वतःच्या दुखावलेल्या मेंदूसह सात वर्षे जगला. पूर्वीचे तेज परत आले नाही. 6 मे 1977 रोजी त्यांचे निधन झाले.

1995 साली ब्रिस्टलच्याच संशोधकांनी या कासवांच्या प्रतिकृती बनविल्या. 1951 च्या संचातील एक कासव लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. वॉल्टर यांचे पुस्तक ऑस्ट्रेलियातील रॉडनी ब्रुक्स या मुलाच्याही हाती पडले होते. मोठेपणी त्यांनी सहकाऱ्यांसह अमेरिकेत कंपनी काढली आणि 2002 साली तिने घर झाडणारे, चकतीसारखे यंत्र बाजारात आणले. ते खुर्चीला धडकते, वळते, आणि त्याच्या नंतरच्या आवृत्त्या तर बॅटरी उतरली की आपण होऊन चार्जरकडे परततात. फरक एवढाच, की एल्सी फिरत असे ती स्वतःसाठी, आणि या यंत्राला केर काढावा लागतो.