हृदयप्रत्यारोपणाचे भारतीय अग्रदूत डॉ. प्रफुल्लकुमार सेन

मुंबईतील परळच्या केईएम रुग्णालयात १६ फेब्रुवारी १९६८ रोजी भारतातील पहिले हृदयप्रत्यारोपण झाले. शस्त्रक्रिया करणारे होते डॉ. प्रफुल्लकुमार सेन. दक्षिण आफ्रिकेत डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातील पहिले हृदयप्रत्यारोपण केले, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. मानवी हृदय बदलणारे सेन हे जगातील चौथे शल्यविशारद ठरले.

१९१५ मध्ये जन्मलेल्या सेन यांनी शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण घेतले आणि पुढे तेथेच अध्यापन केले. महापालिकेच्या रुग्णालयातील मर्यादित साधनांनिशी त्यांनी हृदयशस्त्रक्रियेचा विभाग नावारूपास आणला. मानवावरील शस्त्रक्रियेपूर्वी त्यांच्या चमूने अनेक वर्षे श्वानांवर प्रयोग केले होते. सापाच्या हृदयरचनेवरून त्यांनी हृदयस्नायूला छिद्रे पाडून रक्तपुरवठा करण्याची कल्पनाही मांडली.

पहिला रुग्ण मात्र सुमारे तीन तासच जगला. त्याच वर्षी केलेल्या दुसऱ्या प्रयत्नातही यश लाभले नाही. मेंदूमृत्यूला त्या काळी भारतात कायद्याची मान्यता नव्हती आणि परका अवयव नाकारणाऱ्या शरीराला आवर घालणारी प्रभावी औषधेही नव्हती. सेन यांनी पुन्हा प्रत्यारोपण केले नाही. १९६९ मध्ये त्यांना पद्मभूषण किताबाने गौरविण्यात आले. १९८२ मध्ये त्यांचे निधन झाले.

ज्या औषधाची उणीव होती, ते सायक्लोस्पोरिन नेमके त्याच सुमारास उपलब्ध होऊ लागले. फुप्फुसांतील रक्तदाब फार वाढलेला असल्यास केवळ नवे हृदय तग धरत नाही. अशा रुग्णांसाठी १९८१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड येथे डॉ. ब्रूस राईट्झ यांनी हृदय आणि फुप्फुसे एकत्रितपणे यशस्वीरीत्या बदलली. आता काही निवडक रुग्णांमध्ये मूळ हृदयातील दोष दुरुस्त करून त्याच वेळी केवळ फुप्फुसे बदलली जातात. त्यामुळे दात्याचे हृदय दुसऱ्या गरजूला देता येते.

भारतात अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ मध्ये संमत झाला. त्याच वर्षी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातील पहिले यशस्वी हृदयप्रत्यारोपण केले. परळमधील त्या अपयशी प्रयत्नाला तेव्हा २६ वर्षे लोटली होती. सेन यांना ते यश पाहता आले नाही. मात्र त्या वाटेवरचे भारतातील पहिले पाऊल त्यांचेच होते.