ग्रंथांची वाट दाखविणारे रंगनाथन

शियाळी रामामृत रंगनाथन यांचा जन्म १८९२ साली तामिळनाडूतील शियाळी या गावी झाला. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात ते गणित शिकवीत. अध्यापनाची त्यांना मनापासून आवड होती. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे पहिले ग्रंथपाल म्हणून त्यांची नेमणूक झाली. परंतु तेथील एकांत त्यांना असह्य झाला. आपणांस पुन्हा वर्गात पाठवावे, अशी विनंती त्यांनी केली. विलायतेत जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून या, मग काय ते ठरवा, असे त्यांना सांगण्यात आले.

लंडनमध्ये त्यांनी अनेक ग्रंथालये पाहिली. ती सर्व थरांतील वाचकांनी गजबजलेली असत. ग्रंथपालाचे कार्य किती थोर आहे, हे त्यांना उमगले. मात्र एक अडचण त्यांच्या मनात घोळू लागली. ग्रंथ असंख्य, विषय नित्य नवे. मग हवा तो ग्रंथ सापडावा कसा?

एकदा तेथील एका दुकानात त्यांनी पट्ट्या व स्क्रू जोडून बनविण्याची खेळणी पाहिली. तेच तुकडे निराळ्या रीतीने जोडले, की निराळे खेळणे तयार होई. विषयही असाच लहान घटकांचा बनलेला असतो, हे त्यांच्या ध्यानी आले. समजा, एखाद्याला तंजावरमधील भातपिकावरील रोगांच्या निवारणाची माहिती हवी आहे. केवळ 'शेती' म्हणून शोधल्यास ग्रंथांचा डोंगर उभा राहील. पण भात, रोग, निवारण, तंजावर असे घटक वेगळे केले, तर नेमकी वाट सापडेल. हे घटक चिन्हांनी जोडणारी त्यांची 'द्विबिंदू वर्गीकरण' पद्धती १९३३ साली प्रसिद्ध झाली. वाचक यांपैकी कोणताही शब्द घेऊन आला, तरी त्याला योग्य ठिकाणी पोहोचता यावे, अशी सूचीही त्यांनी योजिली.

रंगनाथन पुन्हा गणिताच्या वर्गाकडे वळले नाहीत. १९४४ पर्यंत त्यांनी मद्रास विद्यापीठाच्या ग्रंथालयाची सेवा केली. १९५७ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले. १९७२ साली ते निवर्तले. १२ ऑगस्ट हा दिवस भारतात त्यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो.

आज यंत्राच्या साहाय्याने क्षणात शोध घेता येतो. परंतु कोणते शब्द द्यावयाचे, हे आपणच ठरवावे लागते. ज्याला आपला प्रश्न नीट मांडता येतो, त्यालाच उत्तराचे दार उघडते.