तीन कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम चौथ्यावर का अडतो? ग्रेस हॉपर यांनी यासाठी आयुष्य खर्ची घातलं

बोईसरजवळच्या कुंभवलीत एखाद्या कारखान्याचं ऑफिस आहे असं समजा. हिशोबाचा एकच प्रोग्राम चार कॉम्प्युटरवर टाकला. तीनवर सुरळीत चालला, चौथ्यावर मात्र एरर. फाइल तीच, मग घोळ कुठे?

या घोळाचा पिच्छा आयुष्यभर पुरवणाऱ्या बाई म्हणजे ग्रेस हॉपर.

जन्म १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांच्या असताना अलार्मचं घड्याळ कसं चालतं हे बघायला त्यांनी घरातली सात घड्याळं खोलून ठेवली होती. १९३४ साली येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली. दुसऱ्या महायुद्धात नौदलात गेल्या आणि हार्वर्डच्या मार्क १ या अवाढव्य मशीनवर काम करू लागल्या.

तेव्हा प्रत्येक मशीनची भाषा वेगळी. मशीन बदललं की प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून लिहा. १९५२ मध्ये हॉपर यांनी ए-० हा कंपायलर तयार केला. टेपवर साठवलेले तयार तुकडे शोधून, जोडून तो अख्खा प्रोग्राम उभा करायचा. पुढे त्यांच्या फ्लो-मॅटिक भाषेच्या पायावर कोबोल आली. डिसेंबर १९६० मध्ये कोबोलचा जवळपास तोच प्रोग्राम युनिव्हॅक २ आणि आरसीए ५०१ अशा दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनवर चालवून दाखवण्यात आला.

पण प्रत्येक कंपनी आपापली वेगळी कोबोल काढू लागली, म्हणजे पुन्हा तोच घोळ. १९६७ साली नौदलाने निवृत्त हॉपर यांना सहा महिन्यांसाठी परत बोलावलं. कंपायलर नियमाप्रमाणे चालतो की नाही, हे तपासणाऱ्या चाचण्या त्यांच्या गटाने बनवल्या. सहा महिन्यांची ती नोकरी चालली थेट १९८६ पर्यंत. रिअर अ‍ॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या तेव्हा त्या ७९ वर्षांच्या होत्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं.

आता तो चौथा कॉम्प्युटर. कंपाइल झालेली फाइल ठरावीक प्रोसेसर आणि ऑपरेटिंग सिस्टिमसाठीच बनलेली असते. ६४ बिटचा प्रोग्राम ३२ बिटच्या विंडोजवर चालत नाही. कधी प्रोग्रामला लागणारा एखादा तयार तुकडा, म्हणजे लायब्ररी, त्या कॉम्प्युटरवर नसते. म्हणून आधी एरर नीट वाचायचा, बिट जुळतात का बघायचं, राहिलेली लायब्ररी अधिकृत ठिकाणाहून टाकायची. तरीही अडलं, तर प्रोग्राम बनवणाऱ्याकडून त्या सिस्टिमसाठी पुन्हा कंपाइल करून घ्यायचा.

तो पुन्हा पहिल्यापासून लिहावा लागत नाही, ही हॉपर यांची कमाई.